१५०० मीटर फ्रीस्टाइल: शेवटच्या ५० मीटरला एवढा वेग येतो, तर आधी का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: टोकियो ऑलिंपिकच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिंकने १५०० मीटरचे शेवटचे ५० मीटर २५.७८ सेकंदांत काढले आणि तिसऱ्या क्रमांकावरून येऊन सुवर्णपदक नेलं. अंगात एवढा जोर शिल्लक होता, तर तो आधीच का लावला नाही? दुसरा भाग तुमचा स्वतःचा. तुमची १५०० ची वेळ १७:३० आहे, शेवटचे ५० मीटर ३१ सेकंदांत येतात, बरोबरची मुलं म्हणतात तुझं फिनिश फिंकसारखं आहे. मग हीच पद्धत पक्की करावी का?

लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांना शिकवण्यातच माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नका करू. फिंकनेही ती पद्धत धरून ठेवली नाही. त्याचा विश्वविक्रम शेवटच्या ५० मीटरमुळे झालेला नाही, आधीच्या १४५० मुळे झालाय. हे पटायला थोडे आकडे बघावे लागतील, पण बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे काही नाही.

टोकियोत फिंकची वेळ १४:३९.६५. त्यातून २५.७८ वजा केले की उरतात १४:१३.८७. ते २९ लेंथमध्ये (पूलची एक लांबी म्हणजे एक लेंथ, इथे ५० मीटर) वाटले तर प्रत्येकी सरासरी २९.४४ सेकंद. म्हणजे शेवटची लेंथ सरासरीपेक्षा साडेतीन सेकंदांहून जास्त वेगात. टीव्हीवर हे बघताना बाकीचे थांबलेत असंच वाटतं. पण त्याच्या पुढे असलेले जर्मनीचा फ्लोरियन वेलब्रॉक आणि युक्रेनचा मिखाइलो रोमनचुक थांबले नव्हते. तेही शेवटी वेग वाढवतच होते. तरी फिंकने रोमनचुकला एका सेकंदाने आणि वेलब्रॉकला सव्वा सेकंदाने मागे टाकलं. त्याच्या काही दिवस आधी ८०० मीटरलाही त्याने हेच केलं होतं: शेवटच्या वळणाला चौथा, भिंतीला हात लावताना पहिला. तिथे शेवटचे ५० मीटर २६.३९, आणि पहिल्या तिघांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत.

आता जोर कुठून आला ते बघू. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि लागणारी शक्ती घनाप्रमाणे. २९.४४ वरून २५.७८ वर यायचं म्हणजे वेग १४ टक्क्यांनी वाढवायचा; पण त्यासाठी दर सेकंदाला जवळजवळ दीडपट शक्ती लागते. वेळ कमी लागतो म्हणून त्या एका लेंथचा एकूण खर्च सुमारे ३० टक्क्यांनी जास्त येतो. तुमचा प्रश्न खरं तर या ३० टक्क्यांबद्दल आहे. एवढा जादा खर्च शेवटच्या एकाच लेंथला न करता तिसांवर सारखा पसरला असता तर काय झालं असतं?

मी हे गणित करून बघितलं. सुरुवातीची उडी, वळणं, थकवा सगळं बाजूला ठेवा, फक्त पाण्याचा विरोध धरा. सगळ्या लेंथ सारख्या वेगाने पोहल्या असत्या तर प्रत्येक लेंथ २९.३० च्या आसपास आली असती आणि एकूण वेळ फक्त ०.८ सेकंदांनी सुधारली असती. पंधरा मिनिटांच्या शर्यतीत एक सेकंदसुद्धा नाही. म्हणून, दिसायला कितीही नाट्यमय असलं तरी फिंकने टोकियोत घड्याळाच्या दृष्टीने फार काही गमावलं नव्हतं. लोकांना वाटतं की त्याने आधी जोर लावला असता तर विश्वविक्रम मोडला असता. त्या वेळचा विक्रम होता चीनच्या सुन यांगचा १४:३१.०२. साडेआठ सेकंदांची तूट शिल्लक ठेवलेल्या जोरातून कधीच भरून निघाली नसती.

त्यातही तो जोर असा सगळीकडे पसरताच येत नाही. शरीराला शक्ती मिळण्याचे दोन मार्ग आहेत. प्राणवायूच्या आधाराने सतत मिळत राहणारी शक्ती म्हणजे महिन्याचा पगार. प्राणवायूशिवाय मिळणारी म्हणजे गाठीला ठेवलेली पुंजी. पगार कितीही वेळ पुरतो पण ठरावीकच मिळतो. पुंजी छोटी, पण हवी तेव्हा एकदम काढता येते. ती पहिल्या ३०० मीटरमध्ये उडवली तर नुसती संपत नाही, स्नायूंत आम्लता वाढवून पगारही कापते. हाताची पकड ढिली होते, एका स्ट्रोकमध्ये अंग पुढे जायचं ते कमी जातं, आणि तोच वेग ठेवायला जास्त हात मारावे लागतात. शेवटच्या ५० मीटरला आम्लता वाढली तरी कुणाला फिकीर? पुढे भिंत आहे, मग हात वर करायचा की टोपी काढायची एवढंच उरतं. त्यामुळे पुंजीचा काही भाग शेवटी खर्च करणं शहाणपणाचंच आहे. सगळे चांगले पोहणारे ते करतात. मोठ्या स्पर्धांतले स्प्लिट (प्रत्येक लेंथची वेगळी वेळ) मांडून बघा, पहिली लेंथ उडीमुळे वेगात, मधल्या सपाट, शेवटच्या दोन-तीन पुन्हा वेगात. फरक असतो तो मधला भाग किती वर ठेवलाय याचा आणि शेवटची उसळी किती टोकदार आहे याचा.

वेग बदलताना दिसतो तो पायांत. पुढच्या वेळी पाण्याखालचा कॅमेरा दाखवतील तेव्हा पाय बघा. लांब पल्ल्याचे बहुतेक पोहणारे मधल्या हजार मीटरमध्ये हाताच्या एका पूर्ण फेरीत दोनच किक मारतात. पाय पुढे ढकलण्यासाठी नसतातच, कंबर वर ठेवायला आणि अंग फिरवायला असतात. मांड्यांचे स्नायू मोठे, प्राणवायू ढोसतात, आणि पाण्यात त्याच्या मानाने वेग फार देत नाहीत. म्हणून त्यांना विश्रांती. शेवटच्या शंभरात तोच माणूस एका फेरीला सहा किकवर जातो आणि पाठीमागे फेस दिसायला लागतो. मांड्या इतका वेळ जवळजवळ बिनकामाच्या होत्या, त्यामुळे त्यांच्यातला साठा शाबूत असतो. फिंकच्या शेवटच्या ५० मीटरचं गुपित म्हणायचं तर हेच. हात त्याचेही थकलेले असतात, पण पाय ताजे असतात. आणि दोनवरून सहावर जाताना हातांची लय न तुटणं ही सरावाने येणारी गोष्ट आहे. पुष्कळांचं इथेच फसतं: पाय जोरात सुरू झाले की हात घाईत येतात, पाणी नुसतं खरवडलं जातं, दमछाक दुप्पट आणि वेग तोच.

आता मुख्य मुद्दा. टोकियोतली ती पद्धत जिंकली कारण शर्यत संथ होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा विजेता, इटलीचा ग्रेगोरियो पाल्त्रिनिएरी स्पर्धेच्या तोंडावर आजारातून उठला होता आणि तो चौथा आला. वेलब्रॉक-रोमनचुक पुढे होते पण त्यांनी शर्यत फोडली नाही. फिंक त्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहिला. अशा वेळी शेवटचे ५० मीटर ज्याचे सर्वात वेगवान, तो जिंकणार. पुढच्याच वर्षी सगळ्यांना हे कळलेलं होतं. मग त्यांनी काय केलं, हे २०२२ च्या बुडापेस्टमधल्या जागतिक स्पर्धेत दिसलं, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ही सर्वात शिकण्यासारखी १५०० ची शर्यत आहे.

पाल्त्रिनिएरी हीटमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत, जेमतेम पात्र ठरला होता, म्हणून त्याला लेन १ मिळाली. १५०० ला सेमीफायनल नसते, हीटमधले पहिले आठ थेट फायनलला, आणि वेगाच्या क्रमाने मधल्या लेनपासून बाहेर वाटप. कडेच्या लेनला सगळे नाक मुरडतात, पण तिथे एक फायदा असतो: मधल्या लेनमधल्यांना तुम्ही दिसत नाही. फिंक आणि वेलब्रॉक एकमेकांकडे बघत होते आणि भिंतीच्या बाजूने इटलीचा माणूस विश्वविक्रमाच्या वेगाने निघून गेला. १४:३२.८०. फिंक दुसरा, १४:३६.७०, वेलब्रॉक तिसरा, १४:३६.९४. टोकियोच्या तुलनेत फिंक स्वतः तीन सेकंदांनी वेगात पोहला आणि तरी जवळजवळ चार सेकंदांनी हरला. चार सेकंद शेवटच्या लेंथमध्ये कुणालाच भरून काढता येत नाहीत. (कडेच्या लेनमधून १५०० जिंकण्याची जुनी आणि जास्त प्रसिद्ध गोष्ट म्हणजे अटलांटा १९९६. ऑस्ट्रेलियाचा कीरन पर्किन्स कसाबसा फायनलला आला, लेन ८ मिळाली, पहिल्यापासून पुढे गेला आणि कुणाच्या हाती लागला नाही. १४:५६.४०. हाच पर्किन्स १९९४ साली कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १५०० पोहता पोहता ८०० चाही विश्वविक्रम करून गेला होता.)

२०२३, फुकुओका. या वेळी ट्युनिशियाचा अहमद हफनाउई. हाच टोकियोत ४०० मीटरला लेन ८ मधून सुवर्ण घेऊन गेला होता. फायनलमध्ये त्याची वेळ १४:३१.५४ आणि फिंकची १४:३१.५९. फरक पाच शतांश सेकंदांचा. या वेगात हे अंतर दहा सेंटीमीटरपेक्षा कमी, म्हणजे तळहाताएवढं. दोघेही सुन यांगच्या विक्रमापासून जवळजवळ अर्धा सेकंद दूर. फिंकने इथेही शेवटी धाव घेतली, ती त्याची नेहमीचीच होती, पण पुढचा माणूस या वेळी एवढा लांब आणि एवढ्या वेगात होता की पाच शतांश कमी पडले. २०२१ ला सोनं देणारी तीच युक्ती दोनदा चांदीवर थांबली. युक्ती बिघडली नव्हती. बाकीच्यांनी शर्यतीचा वेग वाढवून तिची धार काढून घेतली.

म्हणून २०२४ ची पॅरिस फायनल मला वळण वाटते. त्या फायनलला येताना फिंकच्या हातात ८०० चं रौप्य होतं. आयर्लंडच्या डॅनियल विफनने ७:३८.१९ मध्ये सुवर्ण घेतलं होतं आणि फिंकची शेवटची धाव अर्ध्या सेकंदाने अपुरी पडली होती. विफनने त्याच वर्षी फेब्रुवारीत दोहाच्या जागतिक स्पर्धेत १५०० तब्बल दहा सेकंदांनी जिंकली होती. पॅरिसला अमेरिकेच्या पुरुषांना तोवर एकही वैयक्तिक सुवर्ण मिळालेलं नव्हतं आणि शेवटच्या दिवशी ही शर्यत होती. पूलबद्दलही कुरबूर होती. ला डिफॉन्स अरेनातला तात्पुरता पूल २.१५ मीटरच खोल, तिथे वेळा येत नाहीत असं आठवडाभर बोललं जात होतं.

फिंकने काय केलं? पहिल्या काही लेंथमध्येच पुढे गेला. जो माणूस १४५० मीटर दुसऱ्यांच्या कमरेशी राहतो तो विश्वविक्रमाच्या रेषेच्या पुढे पोहत होता, आणि पाल्त्रिनिएरी-विफन त्याच्या मागे. शेवटी १४:३०.६७. बारा वर्षं टिकलेला विक्रम ०.३५ सेकंदांनी गेला. पाल्त्रिनिएरी १४:३४.५५, विफन १४:३९.६३.

आता सुन यांगची २०१२ ची लंडन फायनल आणि ही शर्यत शेजारी ठेवा. सुनचे शेवटचे ५० मीटर २५.६८ चे होते, फिंकचे पॅरिसमध्ये २६.२७ चे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी फिंक प्रसिद्ध आहे त्या गोष्टीत तो सुनपेक्षा सहा दशांश सेकंदांनी मागे राहिला. तरी विक्रम त्याचा झाला, कारण पहिल्या १४५० मीटरला त्याने सुनपेक्षा ०.९४ सेकंद कमी घेतले. लेंथमागे सरासरी २९.१२, सुनची २९.१५. तीन शतांश! पण २९ वेळा. शिवाय टोकियोच्या २९.४४ शी हे ताडून बघा. तीन वर्षांत फिंकने मधल्या लेंथमागे ०.३३ सेकंद काढले, म्हणजे एकूण जवळजवळ साडेनऊ सेकंद, आणि शेवटच्या ५० मीटरला अर्धा सेकंद परत दिला. हा सौदा कुणीही डोळे झाकून करावा.

सुन यांगचा उल्लेख आला म्हणून एवढं सांगायला हवं की त्याच्या कारकिर्दीवर डोपिंगच्या बंदीचे डाग आहेत; २०१४ ची तीन महिन्यांची आणि नंतरची चार वर्षं तीन महिन्यांची. पण लंडनची ती शर्यत तंत्र म्हणून बघताना डोळ्यांत भरते ती त्याची स्ट्रोकची लांबी. जवळजवळ दोन मीटर उंचीचा माणूस, हात पुढे गेल्यावर क्षणभर तिथेच ठेवायचा, मग पाणी धरायचं. पाल्त्रिनिएरी याच्या अगदी उलट: छोटे, भराभर हात, बघूनच दम लागावा असे. दोघांच्याही वेळा साडेचौदा मिनिटांच्या आसपास. १५०० ला एकच आदर्श स्ट्रोक नाही, ही माझी जुनी धारणा या दोघांनी आणखी घट्ट केली. तुमच्या खांद्याला जो झेपतो आणि १२०० मीटरनंतरही जो तसाच राहतो तो तुमचा स्ट्रोक. मुलांना सुनचा व्हिडिओ दाखवून "असा लांब हात मार" सांगणाऱ्यांनी त्या मुलाची उंचीही बघावी.

आणि हेही खरं, की पुढाकार घेऊन पोहण्याची सुद्धा हमी नाही. २०२५ च्या सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत ट्युनिशियाच्याच अहमद जावादीने १४:३४.४१ मध्ये जिंकली, जर्मनीचा स्वेन श्वार्झ १४:३५.६९, फिंक तिसरा, १४:३६.६०. त्या स्पर्धेआधी अमेरिकेच्या संघात पोटाच्या विकाराची साथ आली होती, त्यामुळे त्या निकालावरून फिंकबद्दल मी काही निष्कर्ष काढणार नाही. जावादीबद्दल मात्र काढतो: ८०० आणि १५०० दोन्ही एकाच स्पर्धेत जिंकणारा माणूस शेवटच्या लेंथच्या भरवशावर नसतो.

आता वळणांकडे येऊ, कारण "मधल्या लेंथमध्ये ०.३३ सेकंद" हे ऐकायला सोपं आहे, ते येतात कुठून हे कळलं पाहिजे. निदान निम्मे तरी भिंतीजवळून येतात, असा माझा अनुभव आहे. ५० मीटरच्या पूलमध्ये १५०० ला २९ वळणं. एकेका वळणात एक दशांश वाचला तर २.९ सेकंद. आणि इथे ताकद लागत नाही, शिस्त लागते.

थकलेल्या पोहणाऱ्याचं विसावं वळण जवळून बघा. भिंतीच्या पाच मीटर आधी पूलवर आडवे बांधलेले झेंडे डोक्यावरून जातात. पुढचे दोन-तीन सेकंद श्वास मिळणार नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून तो अगदी शेवटच्या स्ट्रोकलाही तोंड बाहेर काढतो. डोकं वर आलं की कंबर खाली जाते. कंबर खाली असताना कोलांटी घ्यायची म्हणजे आधी ती वर आणावी लागते, तिथे वेळ जातो. पाय भिंतीवर पडतात ते जरा वर किंवा जरा जवळ, गुडघे पुरते वळलेले नसतात किंवा फारच वळलेले असतात. ढकललं जातं ते तिरकं, पृष्ठभागाकडे. चार मीटरवर डोकं बाहेर, आणि लगेच श्वास, पहिल्याच हाताला. तोच माणूस ताजा असताना झेंड्यांखाली शेवटचा श्वास घेतो, आत जाताना हनुवटी छातीकडे ठेवतो, ढकलल्यावर हात कानामागे घट्ट जुळवतो, पाण्याखाली दोन्ही पाय जोडून एक-दोन डॉल्फिन किक मारतो, सहा-सात मीटरवर बाहेर येतो आणि दुसऱ्या हाताला श्वास घेतो. दोन्हीतला फरक तीन-चार दशांशांचा सहज असतो, आणि तो हातांच्या वेगात शोधायला गेलात तर सापडणार नाही. मी स्टॉपवॉच लावतो ते झेंड्यांपासून झेंड्यांपर्यंत. तिसऱ्या वळणाचा आकडा आणि तेविसाव्याचा आकडा शेजारी लिहिला की पोहणाऱ्याला वेगळं काही समजावावं लागत नाही.

डॉल्फिन किक जास्त का मारत नाहीत, असाही प्रश्न असतो. १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहायला नियमाने परवानगी आहे. पण १०० मीटरवाला श्वासाची उधारी एकदाच करतो, १५०० वाल्याला ती २९ वेळा फेडायची असते. म्हणून मधल्या लेंथला एक-दोन, आणि शेवटच्या दोन वळणांना हवं तर चार-पाच. शेवटच्या वळणावर फिंकसारखे लोक वेगळे दिसतात ते इथूनच. धाव वर येऊन सुरू होत नाही, भिंतीवरच सुरू होते.

शर्यतीत शेवट कधी सुरू करायचा याला एक सोयीची खूण नियमातच आहे. शंभर मीटर आणि वर पाच मीटर उरले की निरीक्षक त्या लेनसाठी घंटा किंवा शिट्टी वाजवतो. त्याआधी दूरच्या टोकाला उरलेल्या लेंथचे विषम आकडे दाखवले जातात. माझ्या पोहणाऱ्यांना मी घंटेची वाट बघू देत नाही. पाटीवर ५ दिसला, म्हणजे २५० मीटर उरले, की किक दोनवरून चारवर. घंटेला सहावर. एकदम शेवटच्या ५० मीटरला सहावर उडी मारायची ती फिंकच्या पायांची माणसं. बाकीच्यांच्या हातांची लय तेवढ्यात जुळत नाही.

आता तुमचे १७:३०. एकूण १०५० सेकंद. शेवटचे ३१ काढले तर २९ लेंथमागे ३५.१४. शेवटची लेंथ चार सेकंदांनी वेगात. कागदावर अगदी टोकियोचा फिंक. पण या वेळेच्या पोहणाऱ्यांत मला बहुतेक वेळा आतलं चित्र वेगळं दिसतं. पाच ३०० करून मांडा: ३:२४, ३:३०, ३:३४, ३:३५, ३:२७. हे १७:३० च होतात. पहिले ३०० उत्साहात, मग ६०० ते १२०० मध्ये घसरण, आणि शेवटी गर्दीच्या आवाजात धाव. फिंकची मधली पट्टी सपाट होती. इथे मध्ये खड्डा आहे. शेवटचे ३१ मग कौतुकाचे राहत नाहीत, ते सांगतात की १२०० ला तुम्ही वाटत होतं तेवढे थकलेले नव्हता. मन खचलेलं होतं किंवा पेसची, म्हणजे ठरवलेल्या वेगाची, जाणीव सुटलेली होती. १५०० मध्ये सातशे-आठशेच्या आसपास सगळ्यांनाच वाटतं की आता संपलो. शेवट अजून दिसत नाही आणि सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो. तिथे पोहणारे नकळत हात सैल सोडतात.

आता हेच असं करून बघा: ३:२७, ३:२९, ३:३०, ३:३०, ३:२६. बेरीज १७:२२. पहिल्या ३०० ला तीन सेकंद हळू गेलात, शेवटच्याला फक्त एक सेकंद वेगात, आणि मधल्या ९०० मीटरला दहा सेकंद मिळाले. यातलं एकही ३०० तुम्ही आज पोहू शकत नाही असं नाही. शेवटचे ५० मीटर तेव्हा ३२ किंवा ३३ येतील, बघणाऱ्यांना मजा कमी येईल.

सरावात यासाठी मला तीनच गोष्टी लागतात. पहिली, १०० मीटरचे १५, प्रत्येकी ६९.५ ला, मध्ये १५ ते २० सेकंद विश्रांती. ६७ ला पोहलात तरी मी ती चूकच धरतो, कारण पेस शिकायचा आहे, शर्यत नाही. लागोपाठ दोन चुकले की सेट तिथेच थांबवायचा, रेटायचा नाही. थकल्यावर चुकीच्या पेसचीच सवय लागते. दुसरी, ५०० मीटरचे तीन, मध्ये २० सेकंद, आणि यातलं दुसरं ५०० सर्वात वेगात. हे मुलांना अजिबात आवडत नाही. त्याचा उपयोग नेमका त्या सातशे-आठशेच्या मानसिक खड्ड्यासाठी आहे. तिसरी, ३०० मीटरचे चार, त्यात २५० पेसवर दोन किकने आणि शेवटचे ५० सहा किकने, पण हातांचा आकडा मोजत. दोन किकला लेंथमागे ४० हात पडत असतील आणि सहा किकला ४८ होत असतील तर पाय मदत करत नाहीयेत, हातांना पळवतायत. ४२-४३ वर आलं की समजा जमलं.

एक शक्यता उरते: शर्यतीत बाजूला कुणी तुमच्याच वेगाचा असेल, वेळेपेक्षा क्रमांक महत्त्वाचा असेल. तेव्हा त्याच्या कमरेशी राहून शेवटी निघून जाणं योग्यच. त्याच्या बाजूच्या दोरीजवळून पोहलात तर त्याच्या लाटेचा थोडा फायदाही मिळतो, दोरी तो बराचसा मोडते तरी. मात्र तो तुमच्यापेक्षा एका अंगाच्या लांबीहून जास्त पुढे जाऊ लागला तर थांबून राहू नका, तिथेच अंतर भरून काढा, मग ती नववी लेंथ असो की एकविसावी. बुडापेस्टला मधल्या लेनमधल्यांनी हे केलं नाही.

पुढच्या स्पर्धेला काठावरच्या कुणाला तरी सगळ्या तीस लेंथचे स्प्लिट लिहायला सांगा, नुसते शंभरचे नकोत. घरी आल्यावर तेरावी ते चोविसावी लेंथ आधी बघा. त्या बारांपैकी सर्वात वेगवान आणि सर्वात मंद यांच्यात सेकंदाहून जास्त फरक असेल, तर शेवटचे ५० मीटर किती आले याचा विचार पुढच्या हंगामापर्यंत करू नका.